दादीवर फोकस

सिनेमात तीस वर्षं काढली असं म्हटलं की लोक खुर्ची पुढे ओढून विचारतात, "मग काय, सगळ्या नट्यांना अगदी जवळून पाहिलं असेल!" पाहिलं ना. फुटा-इंचात पाहिलं. त्यांच्या डोळ्यापासून कॅमेऱ्यापर्यंत टेप धरून पाहिलं. साडेसहा फूट, पाच फूट दोन इंच, असं. पण चेहरा कसा होता म्हणाल, तर मला धड सांगता यायचं नाही. शॉट चालू असताना माझी नजर त्यांच्या पायांवर आणि लेन्सवरच्या आकड्यांवर असायची. मी फोकस ओढणारा होतो.

हे काम बाहेरच्यांना कळत नाही. माझ्या वडिलांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. ते अंबरनाथला कारखान्यात फिटर होते. पहिल्या पगाराच्या दिवशी त्यांनी विचारलं, "तू तिथे नक्की करतोस काय?" मी म्हटलं, "अंतर मोजतो." ते म्हणाले, "मग माझंच काम करतोस की! त्यासाठी दादरला कशाला मरायला जातोस?"

तर थोडक्यात सांगतो. एक बोट नाकासमोर धरा आणि त्याच्याकडे बघा. मागची भिंत पुसट होते. भिंतीकडे बघा, बोट पुसट होतं. लेन्सचंही असंच आहे. भरपूर ऊन असेल तर लेन्सचं भोक बारीक करता येतं, मग पुढचं-मागचं सगळं स्वच्छ येतं आणि माझ्यासारखा माणूस झोपा काढू शकतो. पण अंधारी खोली असेल तर भोक पूर्ण उघडावं लागतं, आणि मग जेमतेम वीतभर जागाच स्वच्छ येते. त्या वितीत जो बसला तो दिसला. बाकीच्यांचा धूर. शिवाय आमच्या काळच्या कॅमेऱ्यात कॅमेरामन ज्या भिंगातून बघायचा ते बाजूला बसवलेलं असायचं. त्यात चौकट दिसायची, फोकस दिसायचा नाही. म्हणजे शॉट चालू असताना तो आंधळा आणि मीही आंधळा. भरवसा काय तो माझ्या टेपवर आणि जमिनीवरच्या खडूच्या खुणांवर.

आमचे कॅमेरामन सबनीस, सगळे त्यांना तात्या म्हणायचे. ते म्हणत, "हे बघ, चौकटीत कोणाला जागा द्यायची ते मी ठरवतो. त्यातला कोण दिसायचा, ते तुझ्या बोटांत आहे. तेव्हा बोटं धुऊन ये." बोटं धुऊन ये हे त्यांचं पेटंट वाक्य होतं. मी चिडायचो, पण धुऊन यायचो.

बाहेरच्या शूटिंगला तर खडूही चालायचा नाही. एकदा चामटोलीच्या शिवारात एक म्हातारेबुवा बांधावरून चालत कॅमेऱ्याकडे येणार होते. मातीवर खडू कसा उमटणार? म्हणून मी दर पाच फुटांवर बारक्या खुंट्या ठोकल्या. तालीम झाली, सगळं झकास. शॉटच्या वेळी बघतो तर खुंट्या गायब. म्हातारेबुवा हातात जुडी धरून उभे. म्हणाले, "मीच उपटल्या. कोनाचे पायान घुसतील, पोरा! कोनी ठोकल्यान या?" युनिट हसून लोळलं. मी कपाळावर हात मारून पुन्हा खुंट्या ठोकल्या. अशा गमती खूप झाल्या आणि मी त्या लग्नाकार्यात सांगून लोकांना हसवतोही. आज मात्र जी कधी कोणाला सांगितली नाही ती गोष्ट सांगायची आहे. घरीसुद्धा सांगितलेली नाही.

फाळणीला दोन-तीन वर्षं झाली होती. कल्याणजवळच्या लष्कराच्या रिकाम्या बरॅकींत सिंधी लोकांची वस्ती झाली होती. उल्हासनगर हे नाव नवं होतं, आम्ही सगळे नुसतं कॅम्प म्हणायचो. आमच्या अंबरनाथच्या घरापासून पायी जायच्या अंतरावर. दस्तूर नावाच्या एका पारशी डायरेक्टरला या लोकांवर वीस मिनिटांचा माहितीपट करायचं काम मिळालं. मी जवळ राहतो म्हणून तात्यांनी मला घेतलं. तेव्हा माझं वय तेवीस-चोवीस, आणि फोकस चुकला म्हणून अजून कोणाच्या शिव्या खाल्ल्या नव्हत्या. त्याचा माज होता, कबूल करतो.

बरॅकीत शिरलो तर आत मिट्ट काळोख. लांबच लांब खोली, गोणपाटं आणि जुनी लुगडी टांगून तिचे दहा-बारा संसार केलेले. दोन खिडक्या, त्याही धुराने काळ्या. आमच्याजवळ दोनच दिवे, ते बरॅकीच्या अशक्त करंटवर मिणमिणत होते. आम्हाला वाट दाखवायला लछमनदास नावाचे गृहस्थ होते. बरॅकीचं सगळं तेच बघायचे. शेवटच्या पडद्यामागे एक मायलेकींचं घर होतं. आई खेमीबाई, साठीची, सगळे तिला अम्मां म्हणत. ती पापड लाटत बसली होती. मुलगी कमला, बावीस-तेवीसची. आठ-दहा पोरं पाट्या घेऊन तिथेच बसली होती आणि "दादी, दादी" म्हणून गलका करत होती. आजीला हाका मारतायत, असं मी समजलो.

कमलाने आम्हाला जागा करून द्यायला पिठाचे डबे सरकवले. माझी टेप बघून तिने विचारलं, "ये किसलिए?"

"तुमचा चेहरा स्वच्छ यावा म्हणून," मी मोडक्या हिंदीत सांगितलं.

 ती हळूच म्हणाली, "हमारे सब फोटू उधर रह गए, शिकारपूर में. बाबा का भी, मेरा भी. एक भी नहीं है. इसमें से एक निकलेगा ना, अच्छा?"

"निकलेगा, बहनजी. एकदम अच्छा," मी म्हणालो. मला काय जातंय बोलायला! माझ्या हातातलंच काम होतं ते.

तात्यांनी चौकट बांधली. ती चौकट मी आजही डोळे मिटून काढून दाखवीन. डावीकडे पुढे कमला, खांद्यापासून वर, कॅमेऱ्यापासून पाच फुटांवर. तिच्या मागे उजवीकडे, नऊ फुटांवर, खाली बसलेली अम्मां, समोर पोळपाट. दोघींमधून खिडकीचा उजेडाचा पट्टा. सुरेख चौकट होती. पण लेन्स पूर्ण उघडी. तात्या म्हणाले, "दस्तूरसाहेब, दोघी नाही मिळणार. एक सांगा."

दस्तूरसाहेबांनी लछमनदासांना विचारलं, "अरे सेठ, बात कौन करने का है?"

"दादी बोलेगी, साईं. घर कैसे छोड़ा, सब दादी बताएगी."

"बस. तो दादी पे फोकस," दस्तूरसाहेब म्हणाले.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं, "दादीवर ठेव रे." मी टेपचं टोक कॅमेऱ्याच्या अंगावरच्या हुकाला अडकवलं आणि दुसरं टोक घेऊन कमलाच्या बाजूने पुढे गेलो, अम्मांच्या डोळ्यापाशी. नाकापाशी नाही, डोळ्यापाशी. नऊ फूट एक इंच. टेप नेताना माझं कोपर कमलाच्या खांद्याला लागलं. मी "सॉरी" म्हटलं.

शॉट सुरू झाला. आवाज घ्यायचा नव्हता, तो नंतर स्टुडिओत कोणाच्या तरी खर्जात भरणार होते. म्हणून नुसतं बोलायचं होतं. आणि कमला बोलू लागली. मी वाट बघतोय, आता थांबेल, मग आजी बोलेल. कमला थांबेना. तिचा आवाज मला कॅमेऱ्याच्या खरखरीतही ऐकू येत होता. अम्मां मान खाली घालून पापडच लाटत होती. माझी बोटं शिवशिवली. नऊवरून पाचावर यायला किती वेळ लागतो? चुटकी वाजवायला लागतो तेवढा. पण मला सांगितलं होतं दादीवर, आणि शॉट चालू असताना आपल्या मनाने फोकस हलवणारा माणूस दुसऱ्या दिवशी घरी बसतो. एक शब्द विचारला असता तर शॉट थांबला असता, फिल्म फुकट गेली असती, दस्तूरसाहेब ओरडले असते. एवढंच झालं असतं. मी विचारलं नाही. "कट" झालं आणि कमला उठून आईकडे गेली.

पाच दिवसांनी दादरला आम्ही ते तुकडे पडद्यावर बघितले.  पडद्यावर अम्मांचा चेहरा आला, एकेक सुरकुती मोजून घ्या इतका स्वच्छ. आणि पुढे कमला, म्हणजे नुसता हलणारा धूर.  मग दस्तूरसाहेबांनी मांडीवर थाप मारली, "अरे वाह रे डिकरा! जवान लोग का सब धुंधला हो गया और बुढ्ढी सब देखती है! क्या शॉट है!" सगळ्यांनी माना डोलावल्या. तात्यांनी बाहेर आल्यावर मला बाजूला घेतलं. "कोणावर होतास?"

"दादीवर. तुम्हीच सांगितलंत."

"हो, मीच सांगितलं," ते म्हणाले. विडी पेटवली आणि म्हणाले, "मग बरोबर आहे."

बरोबर कसलं? पण त्या शॉटने माझं नाव झालं बघा. दुसऱ्या युनिटचे लोक विचारू लागले, तो अंबरनाथचा मुलगा कोण? मोठी कामं मिळाली. मीही चारचौघांत सांगू लागलो की ते मुद्दाम केलं होतं. कमलाला दिलेला शब्द आठवायचा, नाही असं नाही. वाटायचं, जाऊन एक साधा फोटो काढून देऊ तिचा. अंबरनाथहून कॅम्प किती लांब? रविवारी चप्पल घातली की पोहोचलो. रविवार आले आणि गेले. मी गेलो नाही.

सात-आठ महिन्यांनी कॅम्पातल्या बाजारात कापड घ्यायला गेलो होतो. तिथे लछमनदास भेटले. त्यांनी आता कटपीसचं दुकान टाकलं होतं. माझा हात धरला आणि म्हणाले, "सुना साईं? दादी गुज़र गई. बुखार था, मुद्दत वाला. बारह दिन हो गए."

"अरेरे," मी म्हटलं. मनात म्हटलं, वय झालं होतं, सुटली बिचारी. आणि लगेच मला कल्पना सुचली. म्हातारीचा आपल्याकडे इतका सुंदर शॉट आहे! त्यातलं एक चित्र मोठं करून मुलीला नेऊन द्यावं. त्यांचे सगळे फोटो तिकडे राहिलेत, तिला केवढं बरं वाटेल! लॅबमधल्या मित्राकडून मी हातभर लांबीचा फोटो करून घेतला. तपकिरी कागदात गुंडाळला. पुढच्याच रविवारी खरंच गेलो. इतका खुशीत होतो मी, तुम्हाला काय सांगू! दुखवट्याच्या घरी जाणारा माणूस असा चालत नाही.

गोणपाटाच्या पडद्याबाहेर उभं राहून हाक मारली, "कमला बहनजी!"

आत एकदम शांत झालं. मग पडदा बाजूला झाला आणि समोर अम्मां उभी राहिली. माझ्या हातातल्या गुंडाळीत जी होती, तीच.

 मला वाटलं लछमनदासांनी थट्टा केली. पण तिच्या मागे पाट्या भिंतीला एकावर एक रचून ठेवल्या होत्या आणि पोरं नव्हती. शेजारची एक बाई पुढे आली. मी तिला चाचरत विचारलं, "वो दादी...?" ती डोळ्याला पदर लावून म्हणाली, "कमला दादी! हमारे बच्चों की दादी. जवान थी, भाई."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सिंधीत दादी म्हणजे आजी नव्हे. दादी म्हणजे मोठी बहीण, आपली ताई. शिकवणाऱ्या बाईलाही मानाने दादीच म्हणतात. आता मला सांगा, आपण मराठी माणसं मोठ्या भावाला दादा म्हणतो. जन्मभर म्हणत आलो. मग दादाची दादी कोण, हे मला, एका मराठी माणसाला, समजायला नको होतं? दस्तूरसाहेबांना नाही कळलं, समजू शकतो. तात्यांना नाही कळलं. पण माझा सख्खा थोरला भाऊ घरी होता, त्याला मी रोज दादा म्हणून हाक मारत होतो! हिंदी पिक्चरवाल्यांत राहून मी हिंदीतच ऐकायला लागलो होतो.

अम्मांने मला ओळखलं. "फोटूवाला," ती म्हणाली, आणि तिची नजर माझ्या गुंडाळीवर गेली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला तिथून पळून जावंसं वाटलं. "लाया?" तिने विचारलं. "मेरी कमला को लाया?"

काय करणार? कागद सोडला. तिने फोटो दाराच्या उजेडात धरला. स्वतःलाच बघितलं. मग डावीकडे त्या करड्या ढगाकडे बघितलं आणि मला विचारलं, "ये?" मी मान डोलावली. तिने ओढणीचं टोक घेतलं आणि तो ढग पुसला. धूळ बसली असेल असं तिला वाटलं. पुन्हा एकदा पुसला, तोंडाची वाफ देऊन. मग तिने हात खाली घेतला.

"मैं तो इधर बैठी हूं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मेरा क्या देखना? कमला किधर है?"

  मी नमस्कार केला आणि निघालो.

त्या आठवड्यात मी आजारी म्हणून कामावर सांगितलं आणि एडिटिंगच्या खोलीत जाऊन बसलो. माहितीपट पुरा झाला की उरलेले तुकडे डब्यांत पडून असतात, टाकून द्यायची वाट बघत. मला एकच आशा होती. "कट" म्हटल्यावर कॅमेरा लगेच थांबत नाही, एखाद-दीड सेकंद चालतो. आणि कमला उठून आईकडे गेली होती. म्हणजे पाच फुटांवरून नऊ फुटांकडे, माझ्या टेपच्या खुणेकडे चालत गेली होती. कुठेतरी ती त्या वितीत आली असणार. तीन दिवस डबे उपसले. बोटं कापली. तिसऱ्या दिवशी दुपारी तो तुकडा सापडला. उजेडाच्या टेबलावर ठेवून भिंग लावलं.

सुरुवातीला धूर. धूर उभा राहतो, वळतो, दूर जातो. हळूहळू कडा धरतो. आणि शेवटच्या सहा चित्रांत कमला स्वच्छ, अगदी लख्ख. केसन् केस दिसतो. पण ती आईकडे चालली होती ना. पाठमोरी. चेहरा एकातही नाही. मी भिंग ठेवलं आणि एवढा मोठा घोडा तिथे बसून हमसून हमसून रडलो. एडिटरबाबूंना वाटलं माझ्या घरचंच कोणी गेलं.

त्या सहांतल्या एका चित्राचा फोटो करून घेतला, पण अम्मांकडे न्यावा की नाही, यावर दोन दिवस घालवले. शेवटी तात्यांना सगळं सांगितलं. त्यांनी फोटो हातात घेऊन पुष्कळ वेळ पाहिला. म्हणाले, "चूक माझीही आहे. पण मला तिच्यासमोर उभं राहवणार नाही. तू जा." यावेळी त्यांनी बोटं धुऊन ये म्हटलं नाही. पुढची सगळी वर्षं मी कोणाच्या डोळ्याला टेप लावण्याआधी त्याचं नाव विचारायचो. नट-नट्या हसायच्या, आमचं नाव याला माहीत नाही म्हणायच्या. हसू देत.

अम्मां पापडच लाटत होती. मी तिच्या समोर खाली बसलो आणि फोटो पोळपाटाशेजारी ठेवला. तिने पिठाचे हात ओढणीला पुसले, मग उचलला. ढग नव्हता त्यात. मुलगी होती. पाठ, मान, आणि कमरेपर्यंतची वेणी.

"मुंह?" तिने विचारलं.

"मुंह आपकी तरफ था, अम्मां."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग मान हलवली, दोनदा, सावकाश. "हां. मैंने देखा था." एवढंच म्हणाली. मला वाटलं आता फोटो परत देईल. पण तिने तो आणखी जवळ धरला आणि वेणीवरून बोट फिरवू लागली, वरून खाली, पेडापेडाने. मध्येच बोट थांबलं.

"ये चोटी मैंने की थी, उस दिन सुबह," ती म्हणाली. "देख, इधर टेढ़ी हो गई. बैठती नहीं थी ना. बोलती थी, जल्दी करो अम्मां, फोटूवाले आ गए."